चित्राखाली नाव लिहा

बालमित्रांनो, तुमच्या घरात भिंतीवर जुन्या माणसांच्या तसबिरी आहेत ना? त्या कोणाच्या, हे तुम्हाला सांगता येते का? मला सगळ्यांचे सांगता येत नव्हते. म्हणून मी हा पाठ लिहिला आहे.

भाद्रपद महिन्यात पितृपंधरवडा असतो. तेव्हा आमच्या घरी म्हाळ घालतात. त्या दिवशी आम्ही तसबिरी खाली काढून पुसतो, गंध लावतो आणि हार घालतो. आमच्या सोप्यात चार तसबिरी आहेत. तीन फोटो आहेत. चौथे मात्र हाताने रंगवलेले चित्र आहे. त्यात फेटा बांधलेला, पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा आहे.

मी विचारले, "हे कोण?" बाबा म्हणाले, "माझे पणजोबा." चुलते म्हणाले, "छे, ते पणजोबांचे मामा." शेवटी आजीला विचारले. आजी म्हणाली, "मी नांदायला आले तवापासनं ते हितंच हायती. नव्या सुनेनं असलं विचारायचं कुणाला? मग म्हातारी माणसं गेली, आन् विचारायचं राहूनच गेलं."

आम्ही हार घातला. पण कोणाला घातला ते कोणालाच ठाऊक नाही. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना हे सांगितले. गुरुजी म्हणाले, पूर्वजांची आठवण ठेवण्याच्या पुष्कळ रीती आहेत. देव्हाऱ्यात टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर आकृती उठवतात, त्याला टाक म्हणतात. देवांचे टाक असतात तसे पूर्वजांचेही असतात. पण ते साच्यावर ठोकून काढतात. म्हणून त्यांची तोंडे सारखीच दिसतात.

आमच्या देवळापाशी विरगळ आहे. लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा तो दगड असतो. खालच्या कप्प्यात लढाई असते. मधल्या कप्प्यात अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करतो. सगळ्यांत वर चंद्र-सूर्य असतात. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहील. पण पुष्कळ विरगळांवर वीराचे नावच नसते!

मोठ्या माणसांच्या चित्रांचाही घोटाळा होतो. शिवाजी महाराज १६८० साली वारले. पुढे कितीतरी वर्षे दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे खरे चित्र शोधले आणि १९३३ साली लोकांपुढे आणले. एवढ्या मोठ्या राजाचे असे झाले, मग आपल्या पणजोबांचे काय!

आमच्या घरात पणजीचा फोटोच नाही. तिने कधी फोटो काढलाच नव्हता. तिला जवळून पाहिलेली आता आजीच आहे. म्हणून मी पणजीचे चित्र काढायचे ठरवले. न पाहिलेल्या माणसाचे चित्र कसे काढावे, ते आता सांगते.

पहिल्यांदा विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे. तोंड गोल की लांबट? नाक कसे? गोंदण कुठे? आजीने सांगितले, "तोंड लांबट. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. कपाळाला आडवं कुंकू. डोईवरचा पदर कधी ढळला न्हाई."

मग तिच्यासारखे दिसणारे माणूस घरात शोधावे. पणजीचे नाक थेट माझ्या आत्यासारखे होते, असे आजी म्हणाली. मी आत्याला समोर बसवून नाक काढले.

तोंडाचे माप नीट घ्यावे. मी आधी डोळे फार वर काढले होते. गुरुजींनी सुतळीने माझेच डोके मोजून दाखवले. डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध येतात. दोन डोळ्यांमध्ये आणखी एक डोळा बसेल एवढी जागा असते. कान भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत असतात. तुम्ही पण मोजून पाहा.

मी तीनदा चित्र खोडले. चौथ्या वेळी आजी काहीच बोलली नाही. नुसते चित्राच्या हनुवटीवर बोट फिरवले. मग म्हणाली, "आत्याबाई अशाच बघायच्या."

आता नाव लिहायचे होते. आजीने सासूचे नाव कधीच तोंडाने घेतले नव्हते. तिने डोईवरचा पदर नीट केला आणि माझ्या कानात हळूच नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. चित्र या पाठाशेजारीच लावले आहे. खाली नाव आहे, ते वाचा.

चित्रामागे एवढे लिहावे : पूर्ण नाव, माहेर, कोणाची कोण, कोणी सांगितले, कोणी काढले आणि तारीख. चित्र उन्हात लावू नये, रंग उडतो. ओलीच्या भिंतीला आणि चुलीजवळ लावू नये. खळीने चिकटवू नये, कसर लागते.

फेटेवाल्या आजोबांच्या तसबिरीमागे मी बाबांच्या पणजोबांचे नाव लिहायला निघाले होते. गुरुजी म्हणाले, "अंदाजाने नाव लिहू नये. चुकीचे नाव बिननावापेक्षा वाईट." म्हणून मी कागद लावला, "नाव माहीत नाही. विचारणे चालू आहे." दिवाळीत बाबांच्या आत्या येणार आहेत. मी त्यांना विचारणार आहे.

बालमित्रांनो, तुम्ही आजच घरी जाऊन विचारा. सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारता येते.