घाटात दम सोडणारी जुनी टर्बो गाडी : आधी मोजमाप, मग पाना

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले पुष्कळ बंधू आहेत. कोणी स्वतःचे गॅरेज चालवतो, कोणी डिझेल पंप आणि नोझलचे काम करतो, कोणी सुट्या भागांचे दुकान टाकून बसला आहे. शिवाय माल आणि माणसे नेण्यासाठी जुनी टर्बो डिझेल गाडी बाळगणारे व्यापारीही आपल्यात थोडे नाहीत. या सर्वांच्या कानावर वारंवार पडणारी एक तक्रार आजच्या पाठासाठी आम्ही घेतली आहे. ती अशी : "गाडी सपाटीला छान पळते, पण घाट लागला की ओढत नाही."

ही तक्रार ऐकली की अनेक ठिकाणी निकाल ठरलेला असतो : टर्बो गेला! टर्बो बदलला जातो, मोठे बिल होते, आणि पुढच्याच घाटात गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरवर येते. गिऱ्हाईकाचे पैसे जातात आणि कारागिराची पत जाते. आमचे सांगणे एवढेच आहे की संशयितांच्या यादीत टर्बो सर्वांत शेवटी धरावा. त्याच्या आधीच्या तपासण्या कमी खर्चाच्या आहेत आणि पुष्कळदा चोर तिथेच सापडतो.

टर्बो करतो काय?

इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. हवा जास्त मिळाली तर जास्त डिझेल नीट जळते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करते. १९९८ साली आलेल्या टाटा सफारीचे सुमारे दोन लिटरचे इंजिन एवढी जड गाडी ओढत असे, ते या टर्बोच्या बळावरच.

दोष चढावरच का कळतो?

सपाट रस्त्यावर गाडीला फार ताकद लागत नाही. चढावर हिशेब बदलतो. माणसांसह अडीच टन भरणारी गाडी २० फुटांना १ फूट अशा चढावर ताशी ४० किलोमीटरने न्यायची म्हटली, तर केवळ वजन वर उचलण्यासाठी सुमारे १८ अश्वशक्ती जादा लागते. चढ दुप्पट झाला की हा आकडाही दुप्पट होतो. त्यातच उंचीवर हवा विरळ होते. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. चांगला टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. म्हणून पोलादपूरहून आंबेनळी घाट किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना जो दोष उघडा पडतो, तो बाजारपेठेत फिरताना लपून राहतो.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. गॅरेजात उभ्या गाडीला रेस देऊन टर्बोची परीक्षा होत नाही. इंजिनावर लोड असल्याशिवाय टर्बो पुरता दाब देतच नाही.

पहिली पायरी : आधी विचारा

बॉनेट उघडण्यापूर्वी गिऱ्हाईकाला पाच प्रश्न विचारावेत. ताकद एकाएकी गेली की हळूहळू कमी झाली? धूर निघतो का, आणि कोणत्या रंगाचा? शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येतो का? ऑइल कमी होते का? दोष येण्यापूर्वी गाडीचे कोणते काम झाले होते? एकाएकी गेलेली ताकद बहुधा सुटलेला पाईप किंवा तुटलेली वस्तू दाखवते. हळूहळू गेलेली ताकद कचरा, काजळी किंवा झीज दाखवते. काल फिल्टर बदलला आणि आज गाडी ओढत नाही, तर काल जिथे हात लागला होता तिथेच आधी पाहावे.

दुसरी पायरी : इंजिनाबाहेरचे पाहा

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरत आहे. थोडी गाडी चालवून चारही चाकांजवळ हात न्यावा. एक चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर ब्रेक धरून बसला आहे. टायरमधली हवा पाहावी. मग इंजिन बंद ठेवून एका माणसाला पायाने रेस पूर्ण दाबायला सांगावी आणि पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. केबल ढिली झाली किंवा पायाखालची मॅट आड आली, तर पुरी रेस लागतच नाही. या कामाला पाच मिनिटे लागतात, पण ते टाळून हजारो रुपये खर्च झालेले आमच्या पाहण्यात आहे.

तिसरी पायरी : धूर वाचा

धूर हा इंजिनाचा जबाब आहे. पुरी रेस दाबल्यावर काळा धूर येत असेल आणि ताकद नसेल, तर डिझेल मिळते पण हवा कमी पडते, किंवा नोझल खराब झाल्यामुळे डिझेल नीट जळत नाही. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल कमी पडते. निळसर धूर असेल तर ऑइल जळते आहे. एवढ्या एका पाहणीने निम्मे काम हलके होते.

चौथी पायरी : हवेचा रस्ता

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर वेळेआधीच तुंबतो. फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाईप जुना होऊन मऊ पडला, तर लोडवर तो आतल्या आत चपटा होतो. उभ्या गाडीत तो अगदी ठीक दिसतो.

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतच्या रस्त्यात दाबलेली हवा असते. तिथली एक ढिली क्लिप किंवा पाईपच्या खालच्या बाजूची चीर सगळी मेहनत बाहेर सोडते. जिथे हवा निसटते तिथे बहुधा तेलकट धुळीचा डाग दिसतो. खात्रीसाठी टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून हलका दाब, एक बारच्या आतच, द्यावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. टायर भरण्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब कधीही सोडू नये. पाईप उडतो, सीलही जाते. पाईपच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला तर घाबरू नये. इंजिनाच्या श्वासातून तेवढे ऑइल येते. मात्र ऑइलचे तळे साचले असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

बारीक नळ्या तर हमखास तपासाव्यात. यांत्रिक पंपाच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत मॅनिफोल्डपासून पंपाच्या डोक्यावर एक बारीक नळी जाते. टर्बोचा दाब आला, आता डिझेल वाढव, असा निरोप ती पंपाला देते. ती तडकली किंवा आतला पडदा फाटला, तर टर्बो उत्तम असूनही गाडी बिनधुराची मरगळते. नंतरच्या ज्या गाड्यांत टर्बोची पाती व्हॅक्यूमवर हलतात, तिथे व्हॅक्यूमची नळी फाटली तर दाब तयारच होत नाही.

बाहेर जाणारा रस्ताही मोकळा हवा. दगडावर आपटून चेपलेला सायलेन्सर किंवा आतून ढासळलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराला अडवतो आणि टर्बोचे चक्र फिरत नाही. ज्या गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह आहे, तिथे तो काजळीने उघडा अडकला तर चांगल्या हवेऐवजी धूरच आत जातो.

पाचवी पायरी : मीटर लावा

आता या पाठातले मुख्य काम. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या बारीक नळीत टी जोडून एक प्रेशर मीटर लावावा आणि त्याची नळी केबिनमध्ये आणावी. मग खऱ्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पुरी रेस देऊन आकडा पाहावा. मीटर वाचायला दुसरा माणूस बसवावा. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी. बऱ्याच जुन्या टर्बो डिझेल गाड्यांत हा आकडा ०.६ ते १ बारच्या दरम्यान, म्हणजे टायरवाल्याच्या भाषेत साधारण ९ ते १५ पौंड असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा.

इथे वाट दुभंगते. दाब पुरेसा येतो, तर टर्बो निर्दोष आहे; डिझेलच्या बाजूला वळावे. दाब येत नाही, तर गळती, चेपलेला सायलेन्सर, उघडा अडकलेला वेस्टगेट आणि शेवटी टर्बो, या क्रमाने जावे. एका टर्बोच्या किमतीपुढे या मीटरची किंमत काहीच नाही.

कॉम्प्युटर असलेल्या कॉमन रेल गाडीत एक खूण आणखी आहे. ताकद एकदम जाते, आणि चावी बंद करून पुन्हा लावली की काही वेळ गाडी ठीक चालते. म्हणजे दोष पाहून कॉम्प्युटरनेच ताकद कमी केली आहे. तिथे आधी स्कॅनर लावावा.

सहावी पायरी : डिझेलचा रस्ता

डिझेल फिल्टर बदलावा आणि जुना फिल्टर रिकामा करून त्यात पाणी किंवा गंज आहे का ते पाहावे. टाकीतली जाळी तुंबली असेल तर सपाटीपुरते डिझेल येते, चढाची जादा मागणी भागत नाही. पंपाआधी थोडा पारदर्शक पाईप जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. दिसले तर कुठेतरी हवा ओढली जाते. हे सर्व नीट असेल तर नोझल टेस्टवर लावावेत, पंपाचे टायमिंग पाहावे आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजावे.

सातवी पायरी : आता टर्बो

इंजिन थंड आणि बंद असतानाच हात लावावा. चालू टर्बोच्या तोंडाशी बोट नेणे म्हणजे बोट गमावणे. दांडा आडवा किंचित हलतो, तो दोष नव्हे. फिरताना ऑइलचा थर ती जागा भरतो. पण चक्र घराला घासत असेल, दांडा पुढेमागे स्पष्ट सरकत असेल किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील, तर टर्बो संपला.

तरीही नवा बसवण्याआधी जुना का मेला ते शोधावे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या थरावर तरंगतो. ऑइलची नळी काजळीने तुंबलेली राहिली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. म्हणून ऑइलची नळी नवी किंवा पूर्ण स्वच्छ, परतीची नळी मोकळी, ऑइल आणि दोन्ही फिल्टर नवे, हे ठरलेलेच. नवा टर्बो बसवताना त्यात थोडे ऑइल भरावे आणि इंजिन पेटू न देता स्टार्टर फिरवून ऑइल वर येऊ द्यावे. गाडीवाल्याला सांगावे की घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद करू नये. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे.

एक वाईट वाट

काही जण तपासणी न करता पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात, किंवा वेस्टगेटची दांडी आवळून दाब वाढवतात. गिऱ्हाईक चार दिवस खूष होते. मग काळा धूर, पीयूसीत नापास, वाढलेली उष्णता आणि एखाद्या दिवशी वितळलेला पिस्टन! हा इलाज नव्हे, दुखणे झाकणे आहे.

धंद्याचा हिशेब

पुष्कळ कारागीर फुकट तपासतात आणि मजुरी वस्तू बदलून वसूल करतात. मग हात आपोआप महाग वस्तूकडे जातो. आमची सूचना अशी की तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि आधीच सांगावी. मीटरवरचे आकडे जॉबकार्डावर लिहावेत, दुरुस्तीनंतर त्याच चढावर पुन्हा घ्यावेत आणि दोन्ही गिऱ्हाईकाला दाखवावेत. काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा. शागिर्दालाही पाना फिरवण्याआधी मीटर वाचायला शिकवावे.

गाडीवाल्या व्यापारी बंधूंनीही एवढे करावे : टर्बो बदलायला सांगितले की दाब किती आला, हे विचारावे. आकडा नसेल, तर अजून तपासणी झालेली नाही असे समजावे. दोन रुपयांच्या क्लिपचा दोष दोन रुपयांचाच आहे असे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक पुढची गाडीही आणते आणि शेजाऱ्यालाही पाठवते. हुन्नराची खरी बरकत त्यातच आहे.