कपाशीवरील कीड व तिचे शत्रू : एक परिसरपाठ

कापूस पिकविणाऱ्या गावातील मुलास बोंडअळी नवीन नसते. परंतु त्याच पऱ्हाटीवर अळीचे वैरीही वस्तीस असतात, हे त्यास बहुधा कोणी सांगितलेले नसते. सबब हा पाठ शक्यतो शेतातच द्यावा. मात्र त्या शेतात अलीकडे फवारणी झालेली नाही, याची मालकाकडून अगोदर खात्री करून घ्यावी.

प्रथम पानांची खालची बाजू पाहावयास सांगावे. तेथे मावा व तुडतुडे रस शोषीत असतात. माव्याच्या घोळक्यात कित्येकदा काळसर अंगाची, नारिंगी ठिपक्यांची एक चपळ अळी आढळते. कीड समजून मुले ती चिरडावयास धावतील. वडीलधारी माणसेही तेच करितात. वस्तुतः ती ढालकिड्याची अळी असून मावा हेच तिचे अन्न होय. एवढी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसली तरी पाठाचे निम्मे काम झाले. केसासारख्या देठाच्या टोकावर अंडे दिसल्यास ते क्रायसोपाचे समजावे. ट्रायकोग्रामा मात्र डोळ्यांस सहजी दिसावयाचा नाही, त्याची आकृती फळ्यावरच काढावी लागेल. तो बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालतो, आणि त्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो.

किडीस रोगही होतात. 1901 साली जपानात इशिवाता यांनी रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना एक जिवाणू वेगळा केला. तोच पुढे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या नावाने ओळखला गेला. त्यातील स्फटिकरूप प्रथिन अळीच्या आतड्यात विरघळून आतड्यास छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते व काही दिवसांत मरते. अमेरिकन बोंडअळीवर एक विषाणूही वापरतात. त्याने मेलेली अळी झाडाच्या शेंड्यास उलटी लोंबकळते. ही औषधे सायंकाळी का फवारावीत, हा प्रश्न मुलांस अवश्य विचारावा. कडक उन्हाने त्यांचे बळ नष्ट होते, हे उत्तर हुशार मुले स्वतःच काढतील.

बीटीचे प्रथिन बियाण्यातच असलेल्या कपाशीस भारतात 2002 साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यास दाद देईनाशी झाली व 2017 साली तिने विदर्भात फार नासाडी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. यवतमाळचा हा प्रसंग मुलांपासून लपवू नये.

रासायनिक औषध सर्वस्वी टाकाऊ नव्हे. पण ते मित्रकिडींसही मारते, आणि मावा त्यांच्याहून लवकर वाढतो. म्हणून मोजणी आधी, फवारणी मागाहून. शेतातून 20 हिरवी बोंडे आणून फोडावीत. दोहोंत गुलाबी अळी निघाली तर प्रमाण शेकडा 10; तेथे उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. शेकडेवारीच्या तासास याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचे रंग पाठ करून घ्यावेत. लाल अतितीव्र, मग पिवळा, निळा व सर्वांत सौम्य हिरवा. ज्या घरी कोणास अक्षरओळख नाही, तेथे हे ज्ञान मूलच नेऊ शकते. फवारणीनंतर कोणास भोवळ किंवा उलटी आल्यास डब्यासह दवाखाना गाठावा, हेही त्यास सांगावे. फवारणीच्या कामास मुलांनी हात लावू नये.

गृहपाठ : आपल्या घरी औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल किंवा धान्य साठविले जाते काय, ते पाहून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगणे. उत्तर होकारार्थी असेल त्या घरी शिक्षकाने त्याच दिवशी स्वतः जावे.