ई-मेलचा पत्ता चुकतो तेव्हा

टपालाच्या पाकिटावर घराचा क्रमांक लिहावयाचा राहून गेला किंवा आळीचे नाव थोडेसे चुकले, तरी पत्र बहुधा पोचते. याचे श्रेय पोस्टमनच्या माहितगारीला आहे. अक्षर लागले नाही तरी त्याला माणूस ओळखता येतो. ई-मेल वाहून नेणाऱ्या संगणकाजवळ, म्हणजेच मेल सर्व्हरजवळ, अशी माहितगारी नसते. एका अक्षराचा फरक हा त्याच्या लेखी निराळाच पत्ता होय. तेव्हा चुकलेल्या पत्त्याच्या पत्राचे पुढे काय होते आणि ती चूक कोठे शोधावयाची, हे आपण पाहू.

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्या मध्ये ‘@’ हे चिन्ह घातले. तेव्हापासून पत्त्याचे दोन भाग रूढ आहेत. उजवीकडचा भाग म्हणजे डोमेन. कोणत्या डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो, याची नोंद इंटरनेटच्या सार्वजनिक नामसूचीत असते. तिला ‘एमएक्स’ नोंद म्हणतात. ही नोंद कोणालाही पाहता येते. डावीकडचा भाग मात्र केवळ त्या डोमेनच्या सर्व्हरलाच ठाऊक असतो. चूक कोणत्या भागात आहे यावर ती कोणाच्या लक्षात येईल हे अवलंबून असते. असे डोमेनच अस्तित्वात नसेल, तर पाठविणाऱ्याचाच सर्व्हर तसे कळवितो. पत्र अद्याप घराबाहेर पडलेलेच नसते.

डोमेन बरोबर असून नाव चुकले असेल, तर दोन सर्व्हरांमध्ये एक छोटासा संवाद घडतो. त्याचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या ‘एसएमटीपी’ या पद्धतीत बांधून दिलेले आहेत. पाठविणारा सर्व्हर प्रथम प्रेषकाचा व नंतर प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो. पत्राचा मजकूर त्यानंतरच दिला जातो. समोरच्याचे उत्तर तीन अंकी असते. २५० म्हणजे मान्य. पाचाने सुरू होणारा अंक म्हणजे कायमचा नकार. ‘असे कोणी येथे नाही’ यासाठी बहुधा ५५० येतो. चाराने सुरू होणारा अंक म्हणजे तूर्त अडचण आहे, पुन्हा यावे. अशा वेळी पत्र रांगेत ठेवून सामान्यतः चार-पाच दिवस प्रयत्न चालू राहतात. म्हणून परत आलेल्या सूचनेतील इंग्रजी मजकूर पाहून गोंधळून न जाता प्रथम हा अंक शोधावा. चार आणि पाच यांतील भेद ज्याने ओळखला, त्याचे निम्मे काम झाले.

आता एक फसवे उदाहरण घेऊ. पत्ता अचूक आहे, पूर्वी पत्रे पोचतही होती. तरीही ‘असे कोणी येथे नाही’ असे उत्तर येते, आणि तेही एकाच कचेरीतून निघालेल्या पत्रांना. येथे पाठविणारा पत्ता पुनःपुन्हा तपासतो व स्वतःलाच दोष देतो. वस्तुतः घडलेले असते ते असे : ज्या संस्थेला पत्र जावयाचे, तिचे टपाल पूर्वी याच सर्व्हरवर होते, पुढे ते दुसरीकडे हलविले, नामसूचीतील नोंदही बदलली, परंतु जुन्या सर्व्हरच्या ‘आपली डोमेने’ या यादीतून ते नाव काढावयाचे राहिले. आपल्याच घरचे पत्र समजून हा सर्व्हर बाहेर विचारीतच नाही. स्वतःच्या रिकाम्या यादीत नाव शोधतो आणि नकार देतो. नकार नेमका कोणत्या सर्व्हरने दिला, हे नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, पाहिल्यावाचून ही चूक सापडणे कठीण.

दुसरा प्रकार त्याहून साधा आहे. सूचनेत असा पत्ता येतो, की जो आपण कधी लिहिलाच नव्हता. अशा वेळी आपण लिहिलेला पत्ता केवळ पुढे धाडणारा असतो. ज्याच्याकडे तो धाडतो त्या माणसाने नोकरी सोडलेली असते. दुरुस्ती तिकडच्या यादीत करावयाची. याखेरीज चिकटविताना आलेली अदृश्य मोकळी जागा, शेवटचा स्वल्पविराम, एक या अंकाऐवजी पडलेला इंग्रजी ‘एल’, या नित्याच्याच गोष्टी आहेत.

सर्व्हर चालविणाऱ्याने नकार द्यावयाचा तो संवाद चालू असतानाच द्यावा. काही सर्व्हर सर्वच पत्रे आधी स्वीकारतात व मागाहून परत करतात. परंतु प्रेषकाचा पत्ता खोटा लिहिता येतो. मग परतीची सूचना एखाद्या निरपराध माणसाच्या माथी येऊन पडते. त्याहून वाईट म्हणजे अनोळखी नावाचे पत्र निमूटपणे फेकून देणे. अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते अर्ज पोचला. कार्यालयाला वाटते तो आलाच नाही. आणि मुदत टळून जाते.

यांपैकी कोणत्याही तपासणीत न सापडणारी चूक एकच आहे. चुकीचा पत्ता दुसऱ्या कोणाचा तरी खरा पत्ता असला, तर सर्व्हर २५० म्हणून मोकळा होतो. इंग्रजीतील ‘डॉट कॉम’ घ्या. ‘सी’ गळला तर ओमान, ‘ओ’ गळला तर कॅमेरून आणि ‘एम’ गळला तर कोलंबिया यांची राष्ट्रीय डोमेने होतात. अमेरिकेच्या सैन्याचे डोमेन ‘डॉट मिल’ आहे. त्यातील ‘आय’ गळला की उरते ते पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे. मालीच्या डोमेनची व्यवस्था कराराने पाहणाऱ्या एका डच उद्योजकाने २०२३ सालच्या जानेवारीपासून अशी भरकटलेली पत्रे जमविली. जुलैमध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली, तोवर त्यांची संख्या सुमारे १,१७,००० भरली होती. त्यांत वैद्यकीय कागदपत्रे होती, नौकांवरील खलाशांच्या याद्या होत्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रवासाचे तपशीलही होते. त्याचा करार संपून डोमेन माली सरकारकडे जावयाचे होते. सैन्याच्या सर्व्हरांवरून मालीकडे निघणारी पत्रे दारातच अडविली जातात, असे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितले. परंतु प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या बाहेरच्या संस्था किंवा खाजगी पत्त्यावरून लिहिणारे लोक यांची पत्रे त्या दारातून जातच नव्हती.