दोन्हीकडे पाहू नकोस

श्रीगुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्यांना ठाऊक आहे की सहाव्या दिवशी ३९ ते ४३ हे अध्याय येतात. तोवर गुडघे बोलू लागलेले असतात, आवाज बसलेला असतो आणि पारणं जवळ दिसत असतं. त्यातच ४१ वा अध्याय लांबलचक. काशीयात्रेतल्या देवळांची आणि लिंगांची नावं सुरू झाली की वाचणाऱ्याची जीभ आपसूक वेग घेते. या घाईत अध्यायाच्या आरंभीची सायंदेवाची कथा निसटून जाते. माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्यासारख्या संसारी माणसाने याच कथेपाशी थोडं थांबावं.

सायंदेव कोण? यवन अधिकाऱ्याच्या पदरी चाकरी करणारा, बायकामुलांचा गृहस्थ. ग्रंथ ऐकणाऱ्या नामधारकाचा तो पूर्वज. चौदाव्या अध्यायात तो श्रीगुरूंना सांगतो, की आज मला बोलावणं आलं आहे, तो क्रूर आहे, गेलो तर जीव जाणार. श्रीगुरू त्याला लपायला सांगत नाहीत. ‘निर्भय होऊन जा’ म्हणतात. तो जातो आणि मान घेऊन परततो. मग सोबत न्यावं म्हणून हट्ट धरतो, तर उत्तर मिळतं, की पंधराव्या वर्षी भेट होईल.

पंधरा वर्षं! आपण गुरुवारी आरती चुकली तर हळहळतो. इथे ना पत्र, ना निरोप. चाकरी तीच, प्रपंच तोच. या वर्षांत सायंदेवाने काय केलं हे ग्रंथ सांगत नाही. पण श्रीगुरू गाणगापुरात आहेत असं कळताच तो लोटांगण घालत येतो, यावरून ती कशी गेली असतील ते समजतं. मला तर परीक्षा इथेच झाली असं वाटतं. पुढची रात्र एका रात्रीची होती.

ती रात्र अशी. भीमा-अमरजेच्या संगमावर श्रीगुरू आणि सायंदेव दोघेच. वारा सुटला, पाऊस कोसळू लागला. सायंदेव आपल्या वस्त्राचा आडोसा करून उभा राहिला. मग श्रीगुरू म्हणाले, थंडी फार आहे, गावातून अग्नी घेऊन ये. आणि जाताना दोन्हीकडे पाहू नकोस. संगमापासून गाव सुमारे तीन किलोमीटर. आज आपण रिक्षाने जातो. त्या अंधारात तो विजेच्या उजेडात वाट शोधत वेशीपर्यंत गेला, पहारेकऱ्याला हाक मारली, भांड्यात अग्नी घेतला आणि परत निघाला. तेव्हा मनात आलं, पाहू नकोस असं का बरं सांगितलं असेल? आणि त्याने पाहिलं. दोन्ही बाजूंना पाच फण्यांचे दोन सर्प त्याच्याबरोबर धावत होते. तो घाबरून पळत सुटला आणि श्रीगुरूंपाशी पोचला. सर्प श्रीगुरूंना वंदन करून निघून गेले. मग श्रीगुरूंनी सांगितलं, ते तुझ्या रक्षणासाठी मीच पाठवले होते.

ही कथा सांगताना काही प्रवचनकार सायंदेवाच्या त्या एका नजरेवर बोट ठेवतात. आज्ञा मोडली म्हणतात. मला ते पटत नाही. श्रीगुरू त्याच्यावर रागावलेले दिसत नाहीत, मग आपण कशाला रागवावं? त्याची नजर ढळली खरी, पण हातातलं भांडं सुटलं नाही आणि पायांनी वाट सोडली नाही. भ्याला, तोही श्रीगुरूंकडेच पळाला. बिचकून गावात परत गेला असता तर गोष्ट वेगळी.

आणि ती आज्ञा तरी कशासाठी होती? समोर पाहणाऱ्याला ते सर्प दिसलेच नसते. राखण तेवढी झाली असती. बाजूला पाहिलं की राखणदारच संकट वाटतो. शेजाऱ्याच्या नवसाला देव पावला, माझ्या पारायणाला का नाही, ही आपली बाजूची नजर. पन्नास-साठ वर्षांची उपासना अशा एका तुलनेने डळमळते.

आमच्या सौ.ला गेली सहा वर्षं संधिवात आहे. पारायणाला तिला बसवत नाही. मी वाचतो, ती खाटेवरून ऐकते. मध्यंतरी एक हितचिंतक घरी आले. म्हणाले, एका ठिकाणी खात्रीचा उपाय सांगतात, फक्त आधीची उपासना बंद करावी लागते. इतकी वर्षं पोथी वाचून तुम्हाला मिळालं तरी काय? मी काही बोलायच्या आत सौ. म्हणाली, “भाऊजी, औषध बदलू, डॉक्टर बदलू. दत्त कशाला बदलायचा?” आणि त्यांना चहा विचारला. तिचं दुखणं कमी झालेलं नाही. थंडीत तर बोटं मिटत नाहीत. आमच्या आजूबाजूने कोण धावतंय ते आम्हाला दिसत नाही; औषधाच्या वेळा आणि संध्याकाळचा दिवा मात्र चुकत नाही.

याच अध्यायात पुढे श्रीगुरू त्वष्ट्याच्या पुत्राची गोष्ट सांगतात, ती सर्पांच्या गोष्टीला लागूनच आहे हे वाचताना ध्यानात ठेवावं. त्या ब्रह्मचाऱ्याकडे गुरूंनी कधी जुनी न होणारी पर्णकुटी मागितली, गुरुपत्नीने न विणलेली, न शिवलेली चोळी मागितली; मुलांच्या मागण्या आणखी निराळ्या. पोराला यातलं काहीच करता येत नव्हतं. तरी ‘होत नाही’ न म्हणता तो रानाच्या वाटेला लागला. तिथे भेटलेल्या अवधूताने काशीला जा म्हटलं, तर तो म्हणाला, काशी कुठे आहे तेही मला ठाऊक नाही. मग अवधूतच त्याला घेऊन निघाला.