ड्रिल मशीनवर तोफ : त्रिज्या आणि व्यासाचा धडा



दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं मातीची तोफ ठेवतात. यंदा ती लाकडाची, मापात करून बघा. लेथ नसला तरी चालेल, बॅटरीवरचं ड्रिल पुरे.

ड्रिलमध्ये हत्यार फिरतं आणि वस्तू स्थिर असते. लेथवर नेमकं उलट : वस्तू फिरते, हत्यार स्थिर. म्हणून चकमध्ये ड्रिल बिटऐवजी लाकडी गोल काठी बसवायची.

गणित आधी. समजा, खरी तोफ ३ मीटर लांब आहे. १:५० प्रमाणात ती ६ सेंमी होते. १० मिमी जाडीची, १० सेंमी लांबीची काठी घ्या. जादा लांबी दोन्ही टोकांना धरायला लागते. शेवटी ती कापून टाकायची.

जोडणी. ड्रिल टेबलावर आडवं, क्लॅम्पने घट्ट बसवा. काठीचं मोकळं टोक भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात अडकवा, भोकात थोडं मेण लावा. हा आधार नसेल तर काठी थरथरते आणि चकवर आडवा ताण येतो.

घासणी. आधी कानस, मग ८० आणि शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर. दाब हलका. पटाशी अजिबात नको, ती अडकून उडते. मागची बाजू १० मिमीच ठेवा, तोंडाकडे ८ मिमीपर्यंत निमुळती करा.

इथे मुलांना विचारा : १० चे ८ करायला किती खोल घासायचं? बरीच मुलं “२ मिमी” म्हणतील. मग १ मिमी घासून मोजायला लावा. काठी फिरत असल्यामुळे सगळ्या बाजूंनी १ मिमी जातो. त्रिज्या १ ने, व्यास २ ने कमी होतो. हे फळ्यावर सांगण्यापेक्षा हाताला लवकर कळतं.

सुरक्षितता, तडजोड नाही. ट्रिगर मोठ्या माणसाच्याच बोटाखाली हवा. तो दोरीने किंवा टेपने बांधून ठेवू नका. बोट सुटताच मशीन थांबणं हीच खरी सुरक्षा. वेग कमी ठेवा. क्लचची रिंग लहान आकड्यावर ठेवा, म्हणजे काठी अडकली तर क्लच घसरेल. पॉलिश पेपर बोटांना गुंडाळू नका. हातमोजे, ओढणी, मनगटातला दोरा, मोकळे केस नकोत. चष्मा आणि मास्क हवेत. काठी बदलताना आधी बॅटरी काढा.

तोफेला काळा रंग द्यायचं काम मुलांवर सोडा. ती किल्ल्यावर चढली की पाहुण्यांना तिचं प्रमाणही मुलांनाच सांगू द्या.