राखड, साल आणि खडू : भाचीस पत्र

महाल, नागपूर
चैत्र

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. बचत गटातल्या बायकांनी घरीच दंतमंजन करायचं ठरवलं, हे वाचून तुझ्या मावशीला फार बरं वाटलं. काळजी वाटली ती एकाच ओळीने. गोंदियात राइस मिलच्या मागे तुसाची राखड फुकट मिळते, तीच चाळून मंजनाला वापरायची, असं तू लिहिलंस. बाकी काहीही करा, पण ही राखड मंजनात घालू नका.

भाताच्या तुसाची राख म्हणजे दहा भागांत जवळजवळ नऊ भाग सिलिका. वाळूतही मुख्यतः हीच असते. भट्टीत कडक तापलेल्या राखेत तिचे कण चांगलेच कठीण होतात. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोस नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, साधारण ५ वर येतं आणि त्याखालचं डेंटीन ३ च्या आसपास. स्फटिकरूपातली सिलिका ७ वर जाते. अशा राखेने दात घासले की चार दिवसांत पांढरे दिसतात, आणि बायका म्हणतात, गुण आला. डागाबरोबर दाताचा थरही गेलेला असतो. एनॅमल पुन्हा येत नाही. दात हिरडीबाहेर येईपर्यंत ते तयार करणाऱ्या पेशी संपलेल्या असतात. मग माठातलं पाणी प्यायलं तरी कळ थेट डोक्यात जाते. विटेची भुकटी, गेरू आणि बारीक वाळू यांचीही हीच गत.

आजीची राखुंडी आठवून तू विचारशील, तिचे दात कसे टिकले? आजी बदामाची टरफलं जाळून, मीठ मिसळून बोटाने घासायची. बोट मऊ असतं, आणि साखर तिच्या तोंडात सणावारालाच जायची. आज बाजारात कोळशाच्या पेस्ट महागड्या नळ्यांतून विकल्या जातात. त्यांच्या फायद्याचे आणि सुरक्षिततेचे पुरेसे पुरावे नाहीत, असा आढावा २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. कोळशाचा मोह सोडलेलाच बरा.

या कामात नागपूरकडे सांगण्यासारखं एक नाव आहे. केशव विष्णू पेंढरकर यांचं नागपुरात किराणा दुकान होतं. ते दुकान सोडून ते कुटुंबासह मुंबईला गेले. आयुर्वेद जाणणाऱ्या नातलगाची मदत घेऊन त्यांनी परळच्या राहत्या घरात दंतमंजन करायला घेतलं. स्वयंपाकघर हाच कारखाना होता. १९५२ मध्ये कंपनी उभी राहिली, ती विको. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन हे नाव झालं. अठरा वनस्पतींची ती पूड बाप आणि मुलं दारोदार फिरून विकत. पुढे मुलगा गजानन फार्मसी शिकून धंद्यात आला. घरगुती कामाला शास्त्राची जोड लागते, हे त्या घराने वेळेवर ओळखलं, आणि तुमच्या गटाने त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच.

ज्या वनस्पतीवरून त्या मंजनाचं नाव पडलं ती वज्रदंती तुमच्या कुंपणालाही सापडेल. पिवळ्या फुलांची काटेरी कोरांटी ती हीच. दात दुखला की तिची पानं चावायची रीत जुनी आहे. त्याहून जुनं ते दंतधावन. कडू, तिखट किंवा तुरट चवीची काडी वापरावी, असं चरकसंहिता सांगते आणि करंज, रुई, अर्जुन अशी झाडंही मोजून देते. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळं लांब काडीचं माप आहे. तुरट चवीला महत्त्व उगीच दिलेलं नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्या-बेहड्यात टॅनिन असतं. त्याने सुजलेली, रक्त येणारी हिरडी आवळते.

आता कृती. १०० ग्रॅम मंजनासाठी हे माप धरा: औषधी दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट ७० ग्रॅम, बाभळीची साल १२ ग्रॅम, त्रिफळा ८ ग्रॅम, सैंधव ५ ग्रॅम, लवंग ३ ग्रॅम, ज्येष्ठमध २ ग्रॅम. पहिली वस्तू केमिस्टकडून मागवा. शाळेतला खडू चालणार नाही. तो बहुधा जिप्समचा असतो आणि त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. कॅल्शियम कार्बोनेट मोस पट्टीवर ३ वर येतं, म्हणजे एनॅमलपेक्षा मऊ, तरी कीट काढण्याइतकं खरबरीत. शिवाय त्रिफळ्यातल्या आवळ्याचा आंबटपणा ते मारून टाकतं. बाकी सामान इतवारीतल्या किराणा ओळीत मिळेल. साल आणि फळं अखंड घ्या, तयार पूड नको. अखंड वस्तूत कीड, बुरशी आणि भेसळ डोळ्यांना दिसते.

सामान वाळवायला आपल्या उन्हाइतका चांगला मदतनीस नाही. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा साल दोन-तीन दिवसांत कडकडीत होते. लवंग मात्र सावलीत ठेवा, उन्हात तिचं तेल उडून जातं. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: हिरडा लोखंडी खलबत्त्यात कुटायचा नाही. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळं होतं. जुन्या काळी हिरड्याची शाई याच गुणावर होत असे. दगडी खल किंवा स्टीलचा मिक्सर वापरा. सगळं वेगवेगळं कुटा, चाळा आणि शेवटी मलमलीतून वस्त्रगाळ करा. मलमलीत उरलेला रवाळ भाग परत कुटायचा, नाही तर टाकायचा. सैंधवाचे खडे तर पिठासारखे व्हायलाच हवेत.

मग परीक्षा. काचेच्या स्वच्छ तुकड्यावर चिमूटभर मंजन ओल्या फडक्याने दोन मिनिटं घासा, धुवा आणि उजेडात तिरपं धरून बघा. काचेचा कठीणपणा एनॅमलच्या जवळपासच असतो, म्हणून काचेवर ओरखडा उठला तर ती खेप फेकून द्या. ओरखडा उठला नाही म्हणजे मंजन शंभर टक्के निर्धोक झालं, असंही समजू नका. उघड्या पडलेल्या डेंटीनला त्याहून मऊ कणही झिजवतात. म्हणून मऊ ब्रश, हलका हात आणि दिवसातून एकदाच. संत्री खाल्ल्यावर अर्धा तास दात घासू नयेत. आंबटाने एनॅमलचा वरचा थर तेवढ्या वेळापुरता हळवा झालेला असतो.

काही वस्तू कितीही कोणी सुचवल्या तरी नकोत. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. लवंगेचं तेल हिरडी भाजतं; पुडीतली लवंग पुरे. आणि तंबाखू तर चिमूटभरही नको. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिशरी महाराष्ट्रात घरोघरी होती, आणि तुमच्याकडे गुळाची गुडाखू अजून चालते. गटातल्या कोणी म्हणेल, थोडी घातली की ठणका थांबतो. निकोटीनची ती झिंग असते, खाली दात सडतच असतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाच्या ओसरीत एक सकाळ बसून बघ. पदराने अर्धा चेहरा झाकून बसलेल्या बायका तुला दिसतील. मावशीला आणखी काही लिहावं लागणार नाही.

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. या मंजनात फ्लोराइड नाही. कीड रोखण्याच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा फ्लोराइडचाच आहे. म्हणून सकाळी मंजन आणि रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, अशी घडी बसवा. मुलांना मंजन देऊच नका. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत मात्र बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतच ते असावं, असं भारतीय मानक आहे. पाण्यातलं फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने कमी करायची ‘नलगोंडा’ पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच शोधली. तुमच्या गटात त्या भागातली कोणी असेल तर तिने आधी पाणी तपासून घ्यावं आणि पेस्टचं दंतवैद्याला विचारावं.

विकायचं म्हणतेस, तर थांब. स्वतःच्या घरापुरतं करणं वेगळं. पैसे घेऊन विकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, मंजन सौंदर्यप्रसाधन म्हणून विका की आयुर्वेदिक औषध म्हणून. हा भेद किरकोळ समजू नकोस. विकोचं मंजन औषध की प्रसाधन, यावर उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं खटले चालले. शेवटी नागपूरच्या उत्पादन शुल्क आयुक्तांचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ च्या अखेरीस निकाल लागला, की ते आयुर्वेदिक औषधच आहे. तुमचा गट एवढा मोठा होईल तेव्हा होईल; पाटीवर काय लिहायचं ते आतापासून जपा. ‘कीड बरी होते’, ‘हलणारे दात घट्ट होतात’ असं काहीही लिहू नका. हलणारा दात घेऊन एखादी बाई तुमच्या मंजनावर सहा महिने काढेल आणि दात गमावेल.

वैशाखात शाळेला सुटी लागली की ये. सकाळी ऊन चढायच्या आत किराणा ओळीत जाऊ आणि तिथून मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात. गटातल्या ज्या दोघींच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणून लिहिलंस, त्यांनाही बरोबर आण. मंजन देण्याआधी त्यांचे दात डॉक्टरांनी बघितलेले हवेत. येताना ती राखडही थोडी पुडीत बांधून आण. काचेचा तुकडा इथे काढून ठेवलाय.

तुझी,
मावशी