ट्रकचा ‘खट्’ आणि दातांमधली फट

उन्हाळ्यात रसवंतीगृहात बसल्यावर तुम्ही चरकाचा आवाज कधी लक्ष देऊन ऐकला आहे का? चरकात ऊस नसतो तेव्हा त्याची दंतचक्रे मोकळी खडखडत असतात. उसाचे कांडे आत सरकले, की ही खडखड एकदम थांबते आणि तिच्या जागी भारदस्त घरघर सुरू होते. असे का व्हावे? एका चक्राचा दात दुसऱ्या चक्राच्या दोन दातांमध्ये बसतो खरा, पण अगदी गच्च बसत नाही. थोडी फट राहते. चक्रावर भार नसला म्हणजे दात या फटीत पुढेमागे आपटत राहतो. ऊस आला, म्हणजेच भार आला, की तो एकाच बाजूला दाबून धरला जातो. फट तेवढीच असते, फक्त तिच्यात दात हलत नाही.

कारखान्यात या फटीला ‘बॅकलॅश’ म्हणतात आणि गॅरेजमध्ये ‘प्ले’. या लहानशा फटीवरून मी एक मोठे भांडण होताना पाहिले आहे. त्याचीच ही हकिगत.

माझा एक जुना विद्यार्थी कऱ्हाडहून चिपळूणकडे मालवाहतूक करतो. त्याच्या जुन्या सहाचाकी ट्रकचा मागचा डिफरन्शियल कामातून गेला, म्हणून तो उघडून नव्याने बांधावा लागला. क्राउन-पिनियनची जोडी नवी, बेअरिंगे नवी. खर्चही चांगलाच झाला. पण गाडी कुंभार्ली घाटात गेली आणि ड्रायव्हर वैतागून परत आला. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ‘खट्’. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ‘खट्’. पुन्हा दाबला की पुन्हा ‘खट्’.

मालक मिस्त्रींना म्हणाला, “क्राउन ढिला बसवलाय तुम्ही. आवळून द्या. तोवर राहिलेले पैसे मिळणार नाहीत.”

मिस्त्री म्हणाले, “शेठ, क्राउन बरोबर आहे. डायल लावून बघितलाय. तुम्ही म्हणता तसा आवळला, तर महिनाभरात गाडी परत इथंच उभी राहील.”

दोघांचेही अडेना, म्हणून मला बोलावणे आले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला गॅरेजमध्ये पंच म्हणून बोलावण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत, तेव्हा मी लगेच गेलो.

आधी इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कशी पोचते ते पाहू. गिअरबॉक्समधून एक लांब दांडा मागे येतो. तो प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या शेवटी पिनियन नावाचे लहान चक्र असते. या ट्रकच्या पिनियनला ६ दात होते. ते क्राउन नावाच्या मोठ्या चक्रात अडकते. त्याला ४१ दात. म्हणजे पिनियनचे ४१ ÷ ६ = ६.८३ फेरे झाले, की क्राउनचा एक फेरा होतो. क्राउन एका पोकळ डब्याला बोल्टांनी जखडलेला असतो. डब्यात एका क्रॉसवर चार लहान चक्रे असतात. मिस्त्री त्यांना ‘स्टार पिनियन’ म्हणतात. ती डाव्या-उजव्या दोन ‘सन गिअरां’मध्ये अडकलेली असतात. प्रत्येक सन गिअरच्या पोटात लांबट खाचा असतात आणि त्या खाचांत चाकाकडे जाणाऱ्या एक्सल शाफ्टचे टोक बसते.

एवढा खटाटोप वळणासाठी. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. स्टार पिनियन क्रॉसवर फिरून हा फरक सांभाळून घेतात. फ्रान्समधल्या ऑनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशी रचना सुचवली होती.

आता मोजून पाहा. पिनियन आणि क्राउनमध्ये फट आहे. स्टार आणि सन यांच्यामध्ये फट आहे. सन गिअरच्या खाचा आणि शाफ्ट यांच्यामध्येही फट आहे. ‘खट्’ यांपैकी कोणत्या फटीतून येतो?

मालकाचा संशय क्राउनवर होता, कारण उघडून बसवला होता तोच. पण ही फट मुद्दाम ठेवलेली असते. चालताना दात तापतात. पोलादाची एक मीटर लांबी तापमान १ अंश सेल्सिअस वाढले, की सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते. क्राउनची त्रिज्या २०० मि.मी. धरली आणि तो ६० अंशांनी तापला, तर त्रिज्या सुमारे ०.१४ मि.मी. वाढते. बाहेरचे बिडाचे घर हळूहळू तापते, त्यामुळे मधल्या काळात दातांना सरकायला जागा हवीच. शिवाय दातांमध्ये तेलाचा पातळ थर राहिला पाहिजे. फटच ठेवली नाही, तर दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर घासतात, तेल पिळून बाहेर जाते, दात तापून निळे पडतात आणि त्यांचे कपचे निघू लागतात. नवी जोडी वाया जाते. मिस्त्रींचा ‘महिनाभर’ हा अंदाज मला मुळीच अतिशयोक्तीचा वाटला नाही.

मिस्त्रींनी आपली वही दाखवली. पिनियन घट्ट धरून, क्राउनच्या दाताला डायल गेजचे टोक टेकवून त्यांनी फट मोजली होती : ०.३ मि.मी. दातांना शेंदरी रंग लावून ते एकमेकांवर नीट टेकतात की नाही, हेही पाहिले होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. दात चुकीच्या जागी टेकत असले, तर गाडी सरळ चालताना सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो. या गाडीत तो नव्हता. इथे आवाज एकदाच येत होता, आणि तोही ओढ उलटली तेव्हाच. असा आवाज मोकळ्या फटीचा असतो.

मग मी पहिली चूक केली. सगळ्या फटींची मि.मी.मध्ये बेरीज करायला बसलो. ते चुकीचे आहे. फिरणाऱ्या यंत्रात फटीमुळे किती मोकळा कोन मिळतो, ते पाहायचे असते. तो असा काढतात :

कोन (रेडियनमध्ये) = फट ÷ त्रिज्या

एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. सूत्राकडे नीट पाहा. त्रिज्या भागाकारात आहे. म्हणजे तीच फट मोठ्या चक्राच्या काठावर असली तर कोन लहान आणि लहान चक्रावर असली तर कोन मोठा. दाराची कडी बिजागरीपासून लांब असते. कडीजवळ दार एक मि.मी. हलले तर कोणी लक्ष देत नाही. बिजागरीच्या खिळ्यातच एक मि.मी. फट पडली, तर सगळे दार डुगडुगते.

आता क्राउनची फट पाहू. ०.३ ÷ २०० = ०.००१५ रेडियन. हा कोन क्राउनचा झाला. पिनियन त्याच्या ६.८३ पट फिरतो, म्हणून पिनियनपाशी तो ०.०१०२ रेडियन होतो. पिनियनच्या फ्लँजची त्रिज्या ७५ मि.मी. होती. तिच्या काठावर ही हालचाल ०.०१०२ × ७५, म्हणजे सुमारे ०.८ मि.मी. दिसायला हवी.

प्रत्यक्षात किती दिसते? ट्रक सपाट जागेवर रिकामा उभा केला. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. (नुसत्या ब्रेकवर विसंबून ट्रकखाली कधी जाऊ नये. काही गाड्यांचा हातब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर लागतो आणि तो शाफ्ट सोडला की ब्रेकही गेला!) मिस्त्रींनी प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट आधी हाताने पिळून पाहिले. ते घट्ट होते. पाट्यांचे यू-बोल्टही आवळलेले होते. ते सैल असले की सगळा एक्सलच उचलतो आणि अगदी असाच आवाज देतो. मग शाफ्ट सोडवला. फ्लँजच्या काठावर मी मि.मी.च्या रेघा आखलेली कागदी पट्टी चिकटवली आणि घरावर तारेचा काटा बसवला. फ्लँज हाताने इकडून तिकडे फिरवली. काटा १२ मि.मी. सरकला.

बारा! त्यात क्राउनचा वाटा जेमतेम ०.८. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे क्राउन आवळून फट ०.३ वरून ०.१ केली असती, तर बारातले फक्त अर्धा मि.मी. कमी झाले असते. ‘खट्’ होता तिथेच राहिला असता आणि नवी जोडी मात्र जळाली असती. हा आकडा पाहून मालक गप्प झाला.

उरलेले अकरा मि.मी. कुठे होते? मिस्त्रींनी चाके न काढताच दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढले. या ट्रकच्या एक्सलची रचना तशी होती. भार पेलायचे काम शाफ्टकडे नसते. शाफ्टच्या टोकावरच्या दातांवरून मी नख फिरवले, तर ते एका पायरीला अडले. वर्षानुवर्षे घासून दातांच्या बाजूला काप पडला होता. फट सुमारे ०.४ मि.मी. आणि त्रिज्या फक्त २५ मि.मी. आता गणित करा : ०.४ ÷ २५ = ०.०१६ रेडियन. त्याला ६.८३ ने गुणले आणि मग ७५ ने गुणले, तर फ्लँजवर ८ मि.मी.च्या वर! क्राउनवरच्या फटीपेक्षा ही फट फार मोठी नव्हती, पण लहान त्रिज्येमुळे तिचा परिणाम दहापट झाला. राहिलेला वाटा बहुतेक स्टार आणि सन गिअरांचा असणार. त्यांची त्रिज्या सुमारे ६० मि.मी. आणि पाठीमागचे वॉशर झिजले की ती चक्रे एकमेकांपासून दूर सरतात. ०.४ मि.मी. फट धरली, तर फ्लँजवर साडेतीन मि.मी.च्या जवळपास हालचाल येते. ८, साडेतीन आणि ०.८ यांची बेरीज बारा-साडेबारा. हिशेब जुळला.

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. काम देताना मालकानेच सांगितले होते, “क्राउन-पिनियन नवीन घाला. सन, स्टार आणि शाफ्ट जुनेच राहू द्या.” त्याला खर्च आवरायचा होता. मिस्त्रींनीही मान्य केले, “वॉशर मी बदलायला हवे होते. तेवढी चूक माझी.”

नवे शाफ्ट घालून मोजले, तेव्हा काटा साडेसहा मि.मी. सरकला. मग डिफरन्शियल पुन्हा उतरवून नवे सन गिअर आणि वॉशर बसवले. आता काटा साडेचारवर थांबला. क्राउनला कोणी हात लावला नव्हता. त्याची फट अजून ०.३ च आहे. शाफ्ट आणि सन गिअरचे पैसे मालकाने दिले, वॉशर आणि मजुरी मिस्त्रींनी सोसली.

आवाज पहिल्या गिअरमध्येच मोठा का, हा प्रश्न राहिला. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे ७ फेरे झाले, की प्रॉपेलर शाफ्टचा एक होतो असे धरू. १२ मि.मी.ची ढिलाई म्हणजे फ्लँजपाशी ०.१६ रेडियन. इंजिनापाशी ती सातपट, १.१२ रेडियन, जवळजवळ ६४ अंश! तेवढा कोन इंजिन अडथळ्याविना फिरते, वेग घेते आणि मग दात दातावर आपटतो. या आपटण्याची ऊर्जा म्हणजे टॉर्क गुणिले कोन. क्लच सोडताना ५० न्यूटन-मीटर टॉर्क धरला, तर ५० × १.१२ = ५६ जूल. साडेपाच किलोचा घण एक मीटर उंचीवरून पाडला, तर साधारण एवढी ऊर्जा मिळते. ड्रायव्हरला तो घण प्रत्येक वेळी बसत होता. दुरुस्तीनंतर कोन ०.०६ × ७ = ०.४२ रेडियन राहिला आणि ऊर्जा २१ जूलवर आली. वरच्या गिअरमध्ये ही सातपट नसल्यामुळे तिथे आवाज आधीही कमीच होता.

हेच गणित तुम्हाला घरच्या सायकलवर उलट्या बाजूने करता येईल. सायकल स्टँडवर लावा, मागचे चाक मित्राला धरायला सांगा आणि पेडल सावकाश उलटे फिरवा. फ्रीव्हीलची टकटक ऐकू येईल. समजा, पुढच्या चक्राला ४८ दात आहेत, मागच्याला १८, आणि फ्रीव्हीलच्या एका फेऱ्यात २० वेळा टक होते. म्हणजे फ्रीव्हीलची मोकळी चाल १८ अंश. पण इथे पेडलकडचे चक्र मोठे आहे, म्हणून पेडलपाशी ती वाढत नाही, कमी होते : १८ × १८ ÷ ४८ = ६.७५ अंश. पेडलच्या एका पूर्ण उलट्या फेऱ्यात सुमारे ५३ टकटक मोजल्या जातील. तुमच्या सायकलचे दात आधी मोजा, उत्तर कागदावर लिहून ठेवा आणि मगच पेडल फिरवा. चेनमध्ये बोट सापडणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या.